मंत्रीसाहेब, कॅमेरा बसवा, पण बीप वाजल्यावर गाडी कोण थांबवणार ते आधी ठरवा

मा. परिवहन मंत्री साहेब,
स. न.

लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरची पेंग ओळखणारे एआय कॅमेरे सक्तीचे करा ही मागणी हल्ली प्रत्येक मोठ्या अपघातानंतर होते, ती फाईल आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतोय. मी ट्रान्सपोर्टमध्ये रात्रपाळीला कंट्रोल रूम बघतो. ड्रायव्हरचा डोळा लागला की केबिनमध्ये बीप वाजतो आणि क्लिप माझ्या स्क्रीनवर येते. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही हो, विरोध आहे तो "कॅमेरा बसवला, आता आमचं काम झालं" या समजुतीला.

यंत्र काही थोतांड नाहीये, ते आधीच सांगतो. डॅशबोर्डवरचा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात अंधारातही चेहरा बघतो आणि पापण्या किती वेळ मिटलेल्या आहेत ते मोजत राहतो, ठराविक वेळात पापण्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेल्या असण्याचं प्रमाण वाढलं की पेंग येतेय असं धरतो. ही मोजणी १९९० च्या दशकापासून चालत आलीये, एआयने ती फक्त स्वस्त आणि वेगवान केली. आणि गरज का आहे ते साध्या हिशोबात कळतं, ताशी ८० किलोमीटरला ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो, म्हणजे ३ सेकंदांची डुलकी लागली तर भरलेली गाडी ६६ मीटर कोणीच चालवत नसतं.

पण खरेदी करताना सप्लायर डेमो कुठे दाखवतो? दिवसाउजेडी, हॉलमध्ये, खुर्चीवर बसलेल्या माणसावर. तिथे सगळंच चालतं. रस्त्यावर आलं की चष्म्याच्या काचेवर समोरच्या गाडीचे लाईट चमकतात, गॉगल असतो, टोपी खाली ओढलेली असते, कोणाचे डोळे मुळातच बारीक असतात. आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे, हसला की त्याचे डोळे पार मिटतात. तो ब्लूटूथवर घरच्यांशी बोलत हसत असला की मशीन त्याला झोपलेला समजतं आणि मी रात्रभर त्याच्या हसऱ्या चेहऱ्याच्या क्लिपा बघत बसतो. चांगलं वाटतं बघायला, पण तेवढ्यात खरा झोपलेला माणूस राहून जातो ना.

समजा दर गाडीमागे तासाला एकच खोटा अलर्ट येतो, ऐकायला काहीच नाही. २०० गाड्या रात्री १० तास चालल्या तर २,००० क्लिपा झाल्या आणि बघायला दोन माणसं. कोण बघणार? मग ड्रायव्हर स्पीकरला कापड गुंडाळतो, लेन्सवर चिकटपट्टी लावतो आणि मालक म्हणतो ड्रायव्हर बेशिस्त आहेत. म्हणून टेंडरमध्ये "अचूकता ९९ टक्के" असल्या ओळीला भुलू नका साहेब, दर हजार किलोमीटरला खोटे अलर्ट किती आणि खऱ्या डुलक्या सुटल्या किती हे दोन आकडे मागा, तेही पहाटे २ ते ६ मधले, कारण शरीराला सगळ्यात जास्त झोप तेव्हाच येते. शिवाय नेटवर्क गेलं तरी बीप वाजला पाहिजे, म्हणजे निर्णय गाडीतच झाला पाहिजे, कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर नाही. (हे विचारलं की सेल्सवाले विषय बदलतात, बघा कधी विचारून.)

आणि आधी पैसे कुठे घालायचे असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, पुढची गाडी जवळ आल्यावर आपोआप ब्रेक मारणारी सिस्टिम. युरोपात नोव्हेंबर २०१५ पासून बहुतेक नव्या जड ट्रकना ती सक्तीची आहे. ती कोणाला फोन करत नाही, क्लिप पाठवत नाही, सरळ ब्रेक मारते. पेंगेची सूचना देणारी यंत्रणा तिथे सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२४ पासून आली, पण त्या कायद्यात एक अट आहे जी आपल्याकडची चर्चा करताना कोणी सांगत नाही, ही माहिती गाडीच्या यंत्रणेतच राहायची, तिसऱ्या कोणाला द्यायची नाही, काम झालं की लगेच पुसायची. आमच्यासारख्या कंपन्या जे घेतात ते याच्या बरोबर उलट आहे, कॅमेरा ड्रायव्हरचा आणि स्क्रीन मालकाची. माझी नोकरी या स्क्रीनवरच चालते तरी सांगतो, थकव्याच्या क्लिपचा उपयोग एकच असावा, गाडी थांबवणे. पगार कापायला किंवा विमा कंपनीसमोर ड्रायव्हरवर ढकलायला ती वापरता येणार नाही हे नियमात स्पष्ट लिहा, नाहीतर चिकटपट्टी लागणारच.

आता मुख्य मुद्दा. पहाटे पावणेचारला क्लिप येते, डोळे दोन सेकंद बंद, मान खाली, बीप, दचकून वर. मी ड्रायव्हरला फोन करतो, तो म्हणतो "ठीक आहे साहेब, जाग आली." मी डिस्पॅचला, म्हणजे गाड्यांच्या वेळा ठरवणाऱ्याला सांगतो गाडी थांबवा, डिस्पॅच म्हणतो सहाला अनलोडिंगचा स्लॉट आहे, चुकला तर कंपनीला दंड आणि पुढचा स्लॉट संध्याकाळचा. ड्रायव्हरला पैसे ट्रिपवर मिळतात, त्यालाही थांबायचं नाहीये. त्यात आदल्या दिवशी तो लोडिंगच्या रांगेत सहा तास जागा होता, ते तास कोणाच्याच हिशोबात नाहीत. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी होते हे १९९७ मध्येच प्रयोगातून दिसलंय. दारू प्यायलेल्याला आपण "जाग आली ना, मग चल" म्हणत नाही.

नुसतं मोजून भागत नाही, हा धडा अमेरिकेने घेतलाय. तिथे डिसेंबर २०१७ पासून ट्रकमध्ये ड्रायव्हिंगचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र सक्तीचं झालं. नंतर संशोधकांनी आकडे तपासले तर तासांचा नियम जास्त पाळला गेला होता, पण अपघात कमी झालेले दिसले नाहीत, उलट लहान कंपन्यांच्या गाड्या जास्त जोरात पळायला लागल्या. सरळ आहे, तास मोजले पण पोचायची वेळ तीच ठेवली, मग माणूस दुसरं काय करणार.

म्हणून कॅमेऱ्याच्या सक्तीबरोबर त्याच आदेशात हेही घाला. थकव्याचा अलर्ट ठराविक वेळात दुसऱ्यांदा आला तर गाडी थांबवायचा अधिकार ड्रायव्हरला आणि कंट्रोल रूमला, मालकाची परवानगी न घेता. अशा थांब्यामुळे उशीर झाला तर माल मागवणाऱ्याने ट्रान्सपोर्ट कंपनीला दंड लावायचा नाही. लोडिंग अनलोडिंगला ताटकळलेले तास ड्युटीत धरायचे. आणि थांबायचं म्हणजे थांबायला जागा पाहिजे, उजेड असलेली, संडास असलेली, डिझेल चोरीला न जाणारी. हायवेच्या कडेला अंधारात उभा केलेला ट्रक हा पुढच्या अपघाताचीच तयारी असते.

यातलं कॅमेऱ्याचं कलम तेवढं ठेवून बाकीचं नंतर बघू असं तुम्हाला कोणीतरी सुचवेल, बहुतेक कॅमेरा विकणाराच. तेव्हा त्याला एवढंच विचारा की पावणेचारची क्लिप आल्यावर गाडी कोण थांबवणार आणि उशिराचा दंड कोण भरणार. उत्तर लेखी घ्या.

आपला,
रात्रपाळीचा एक कंट्रोल रूमवाला