कॅप्टन गायब आणि ट्रेव्हर फ्रान्सिस दोनदा: नॉटिंगहॅम फॉरेस्ट कार्ड सेटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या १९७७ ते १९८० च्या खेळाडूंच्या प्रोफाइल कार्ड सेटमधल्या चुका, पैसे परत किंवा दुरुस्त सेट मिळण्याबाबत

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल आणि फोटो मेलला जोडलेत, ते आधी बघा, कारण मागच्या वेळी चॅटवर तुमच्या माणसाने मला तीनदा ऑर्डर नंबर विचारला आणि चौथ्यांदा विचारलं की सर क्लब कुठला, मँचेस्टर का. नाही हो, मँचेस्टर नाही, नॉटिंगहॅम फॉरेस्ट. इंग्लंडची लीग आयुष्यात एकदाच जिंकली पण युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) दोनदा, तो क्लब. बॉक्सवर सोनेरी अक्षरात तुम्हीच छापलंय.

आधी चांगलं सांगतो म्हणजे हा माणूस नुसता कटकट करायला बसलाय असं वाटायला नको. बॉक्स मस्त आहे, कार्डं जाड, कडा सोनेरी, पॅकिंग एवढं भक्कम की उघडायला सुरी लागली. ३,४९९ रुपये म्हणजे स्वस्त नाही, पण मी विचार केला नाही, कारण हा सेट मी माझ्या मामांच्या पंच्याहत्तरीला घेतला होता. मामा १९७२ साली बावीसाव्या वर्षी मिरजेहून नॉटिंगहॅमला गेले, रॅले सायकलच्या कारखान्यात लागले आणि रिटायर होऊन परत येईपर्यंत तिथेच राहिले. फॉरेस्टच्या सिटी ग्राउंडवर ट्रेंट एंड स्टँडला उभं राहून त्यांनी ती सगळी टीम बघितलीय. आमच्या लहानपणी ते सुट्टीवर आले की चॉकलेटं एकदा वाटली जायची आणि फॉरेस्टचा विंगर रॉबर्टसन दहादा सांगितला जायचा. तर अशा माणसाच्या हातात तुमची कार्डं गेली.

मामा भिंग घेऊन वाचतात. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे गोल करून बसलो, मामांनी एकेक कार्ड उचलायला सुरुवात केली, पहिल्या दोनतीन कार्डांना नुसतं हं हं झालं, मग म्हणाले, "अरे ते लाल पेन दे रे जरा." तिथेच मला कळलं की आपले साडेतीन हजार गेले.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. सेटमध्ये जॉन मॅकगव्हर्न नाहीये. बॉक्सवर २२ कार्डं लिहिलंय, आम्ही मोजली, २२ च भरली, पण ट्रेव्हर फ्रान्सिस दोनदा आलाय आणि मॅकगव्हर्न एकदाही नाही. मॅकगव्हर्न म्हणजे कॅप्टन, १९७९ ला म्युनिकमध्ये आणि १९८० ला माद्रिदमध्ये कप ज्याने वर उचलला तो माणूस. मॅनेजर ब्रायन क्लफ हार्टलपूलला होता तेव्हा हा तिथे, क्लफ डर्बीला गेला तेव्हा हा डर्बीला, लीड्सला गेला तेव्हा लीड्सला आणि शेवटी फॉरेस्टला. आणि इतकं करून स्कॉटलंडने त्याला एकदाही सिनियर टीममध्ये घेतलं नाही. म्हणजे ज्याला देशाने वगळलं त्याला तुम्हीही वगळलंत. मामी म्हणाल्या, सत्यनारायणाची पूजा घातली आणि चौरंगावर सत्यनारायणच नाही.

बरं फ्रान्सिस दोनदा दिलात तर निदान दोन्ही कार्डांवर एकच माहिती द्यायची ना! एका कार्डावर लिहिलंय दोन्ही फायनलमध्ये गोल, दुसऱ्यावर लिहिलंय १९८० ची फायनल दुखापतीमुळे हुकली. दुसरं बरोबर आहे. १९७९ च्या फेब्रुवारीत तो बर्मिंगहॅमहून आला, ब्रिटनमधला दहा लाख पौंडांचा पहिला खेळाडू, आणि नियमामुळे त्याला फायनलपर्यंत युरोपियन कपात खेळताच येत नव्हतं, म्हणजे म्युनिकची फायनल हीच त्याची पहिली युरोपियन मॅच, आणि हाफटाइमच्या जरा आधी त्याने हेडर मारला, १-०, संपलं. पुढच्या वर्षी टाचेमागच्या ॲकिलीस शिरेची दुखापत, माद्रिदला तो खेळलाच नाही. आणि दोन्ही कार्डांवर खाली "सध्या टीव्हीवर समालोचन करतात" असं छापलंय. अहो, तो जुलै २०२३ मध्ये गेला. त्याच टीमचा डिफेंडर लॅरी लॉइड मार्च २०२४ मध्ये गेला, त्याच्या कार्डावर तर काहीच नाही. आणि बॉक्सवर मात्र "अपडेटेड एडिशन २०२५" चा गोल स्टिकर! मामांनी त्या दोघांच्या नावापुढे स्वतः साल लिहिलं, पण लाल पेनाने नाही, उठून काळं पेन शोधून आणलं.

आता जॉन रॉबर्टसन. तुमच्या कार्डावर तो राइट विंगर आहे. मामा दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, भिंग फोटोवर फिरवलं आणि हसायला लागले, कारण फोटोच उलटा छापलाय, छातीवरची अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी, आणि ज्याने माहिती लिहिली त्याने बहुतेक फोटो बघूनच ठरवलं की हा उजवीकडून खेळायचा. तो डावीकडचा, पार टचलाइनला चिकटून. क्लफ जानेवारी १९७५ ला आला तेव्हा रॉबर्टसन विकायला काढलेल्यांच्या यादीत होता, जाडसर, सिगरेट ओढणारा, पळायला जड. "अरे तो पळायचाच नाही," मामा म्हणाले, "उभा राहायचा, बॉल पायाशी, समोरचा बॅक वाट बघतोय की हा आता काय करणार, आणि हा त्याला तसाच वाट बघायला लावून क्रॉस टाकून मोकळा." म्युनिकचा गोल त्याच्याच क्रॉसवर, डावीकडून. आणि माद्रिदमध्ये केव्हिन कीगनच्या हॅम्बुर्गविरुद्ध एकमेव गोल त्याचा, आणि तो मारला उजव्या पायाने, पोस्टला लागून आत. म्हणजे उजवा पाय तुम्हाला कुठे वापरायचाच होता तर इथे वापरायचा होता! १९७६ च्या डिसेंबरपासून १९८० च्या डिसेंबरपर्यंत सलग २४३ मॅच खेळला, एकही न चुकवता, हे कार्डावर यायला नको? त्याऐवजी त्याची उंची आणि रास दिलीय. रास! आम्ही काय पत्रिका जुळवणार आहोत का?

सेटबरोबरच्या पुस्तिकेत पान ४ वर फॉरेस्टने १९७९ ला बायर्न म्युनिकला हरवलं असं आहे. फायनल म्युनिकमध्ये होती, समोर स्वीडनचं माल्मो होतं. गाव आणि टीम यातला फरक कळू नये म्हणजे फारच झालं. तसंच गॅरी बर्टल्सचं, "कारकिर्दीची सुरुवात मँचेस्टर युनायटेडपासून". तुमच्या माणसाने युनायटेड एवढा एकच शब्द वाचला आणि बाकीचं स्वतः भरलं. तो होता लाँग ईटन युनायटेडचा, शेजारच्या गावातला छोटा क्लब, लोकांच्या घरात कार्पेट बसवायचं काम करायचा, फॉरेस्टने त्याला २,००० पौंडांना घेतला. पहिल्याच युरोपियन मॅचमध्ये, सप्टेंबर १९७८, लिव्हरपूलविरुद्ध त्याने गोल मारला आणि लिव्हरपूल तेव्हा सलग दोनदा युरोपियन चॅम्पियन. मँचेस्टरला तो १९८० मध्ये गेला, साडेबारा लाख पौंडांना, आणि तिथे लीगमधला पहिला गोल मारायला त्याला जवळपास वर्ष लागलं. ही खरी गोष्ट किती भारी आहे बघा, आणि तुम्ही ती उलटीकडून सुरू केलीत. त्याच लिव्हरपूल मॅचमधला दुसरा गोल कॉलिन बॅरेटचा, आणि त्यानंतर थोड्याच दिवसात गुडघा गेला आणि कारकीर्द जवळजवळ तिथेच थांबली. त्याला तर तुम्ही कार्डच दिलेलं नाही. मामांनी ती मॅच बघायला नाइट शिफ्ट एका पंजाबी मित्राशी बदलून घेतली होती, बदल्यात दोन रविवार द्यावे लागले.

गोलकीपर पीटर शिल्टनच्या कार्डावर १९७८ च्या लीग कप फायनलमध्ये त्याने लिव्हरपूलला रोखलं असं आहे. तो त्या मॅचला नव्हताच! तो सीझन सुरू झाल्यावर, सप्टेंबर १९७७ मध्ये, स्टोकहून आलेला आणि त्याला त्या कपात खेळायची परवानगी नव्हती, म्हणून गोलमध्ये ख्रिस वुड्स, वय १८, ज्याने फॉरेस्टकडून लीगची एकही मॅच कधी खेळली नाही, पण वेम्बलीला ०-० आणि मग ओल्ड ट्रॅफर्डच्या रिप्लेला १-०, दोन्ही वेळा त्याने लिव्हरपूलला एकही गोल करू दिला नाही. शिल्टनकडे स्वतःचं कमी आहे का, इंग्लंडकडून १२५ मॅचेस आहेत, दुसऱ्याचं कशाला त्याला चिकटवता?

केनी बर्न्स "स्ट्रायकर". बर्मिंगहॅमला होता, बरोबर. इथे आल्यावर क्लफ आणि त्याचा असिस्टंट पीटर टेलर यांनी त्याला मागे बचावात सेंटर हाफला उभा केला आणि त्याच सीझनला पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. मार्टिन ओ'नीलच्या आणि आर्ची गेमिलच्या कार्डावर "म्युनिक फायनल, ९० मिनिटं". दोघंही त्या दिवशी बाहेर बसले होते, दोघंही दुखापतीतून उठले होते आणि दोघांनाही खेळायचं होतं. ओ'नीलला पुढच्या वर्षी माद्रिदला खेळायला मिळालं, गेमिल तोवर क्लब सोडून गेला होता. पीटर विथचं कार्ड तर १९७८ लाच संपतं, जणू न्यूकॅसलला विकला आणि माणूस हवेत विरला. १९८२ च्या युरोपियन कप फायनलमध्ये ॲस्टन व्हिलाचा विजयी गोल कुणी मारला हो? इथे बायर्न म्युनिक खरंच समोर होतं, इथे लिहायचं ना मग!

इयन बोयरला तीन ओळी आणि "राखीव मिडफिल्डर" असं लिहिलंय. इथे मामांचा आवाज चढला. १९७९ ची सेमीफायनल, समोर जर्मनीचं कोलोन, पाऊस, सिटी ग्राउंडचा नुसता चिखल, वीस मिनिटांत ०-२. मग बर्टल्स, मग बोयर, मग रॉबर्टसनने चक्क झेप घेऊन हेडर, ३-२, आणि शेवटी जपानी ओकुडेराने येऊन ३-३ केलं. मामा भिजून घरी आले, दोन दिवस तापाने पडले आणि सगळे म्हणत होते आता जर्मनीत जाऊन काय जिंकणार. जर्मनीत १-०, गोल बोयरचा. दोन्ही फायनलमध्ये पहिल्या अकरात तो होता. राखीव म्हणे.

आणि व्हिव्ह अँडरसन. त्याच्या कार्डावर चूक एकही नाही, पण आमचा खरा राग याच कार्डावर आहे. जन्म नॉटिंगहॅम, राइट बॅक, नंतर आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, शेफिल्ड वेन्सडे, सगळं बरोबर. फक्त एक लिहिलं नाही, की २९ नोव्हेंबर १९७८ ला वेम्बलीवर चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध तो इंग्लंडच्या सिनियर टीमकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. परगावच्या ग्राउंडवर लोक त्याच्यावर फळं फेकायचे त्या काळातली ही गोष्ट. मामा एरवी तिथल्या वाईट दिवसांबद्दल बोलत नाहीत, पण त्या रात्री ते कार्ड हातात धरून म्हणाले, शनिवारी बसस्टॉपवर आम्हाला कुणी काही बोललं की आम्ही दोघंतिघं एकमेकांना म्हणायचो, चल, व्हिव्हला बघून येऊ. मग भिंग खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. या कार्डावर त्यांनी लाल पेन लावलंच नाही, बाजूला काढून ठेवलं, अजून टीव्हीखालच्या खणात आहे.

आता तुमच्याकडून मिळालेलं उत्तर. तुम्ही लिहिलंत की बॉक्स उघडलेला असल्याने रिटर्न होणार नाही, "मजकुराविषयीच्या तक्रारी डॅमेजमध्ये मोडत नाहीत", आणि सदिच्छा म्हणून पुढच्या खरेदीवर १० टक्के कूपन, मँचेस्टरच्या सेटवर. बॉक्स न उघडता आतल्या चुका कशा दिसणार हे मला कुणीतरी समजावून सांगा. आणि मजकूर सोडला तर प्रोफाइल कार्डात उरतं काय, सोनेरी कड? शिवाय एक कार्ड दोनदा आणि एक नाहीच, हा तर सरळ पॅकिंगचा दोष आहे, ते तरी मान्य करा.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. एक तर पूर्ण ३,४९९ परत. नाहीतर दुरुस्त केलेला सेट, मॅकगव्हर्नच्या कार्डासकट, आणि बॅरेटचंही एक कार्ड काढा, मी त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार आहे. १५ दिवसात काही झालं नाही तर १९१५ वर फोन करून ग्राहक हेल्पलाइनकडे नोंदवणार आहे, मग परत मला क्लब कुठला विचारू नका.

लाल पेनाने दुरुस्त केलेल्या १७ कार्डांचे फोटो सोबत आहेत. अक्षर मामांचं आहे, जरा हललेलं आहे, पण साल सगळी बरोबर आहेत, मी एकेक तपासून बघितली. तुम्हाला छापायला वापरायची असतील तर खुशाल वापरा, मामांची हरकत नाही, फक्त म्हणाले की फोटो आधी सरळ करून घ्या म्हणावं.

आपला,
दोन ट्रेव्हर फ्रान्सिसचा मालक, पुणे

ता. क. : जादाचा फ्रान्सिस परत पाठवायचा असेल तर कुरिअरचा खर्च तुमच्याकडे.