यंदा करवती काठ नेसा

महोदय,

नव्या वर्षाची खरेदी करायला बर्डीवर जाण्याआधी यंदा मी कपाट उपसलं. तळाशी आईची करवती काठाची टसर रेशमाची साडी निघाली. अंगाला टसरचा मूळचा मधासारखा रंग, काठाला करवतीसारखे दाते. हे दाते छापलेले नसतात. हातमागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत ते विणतात. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडची ही कला, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्याच मुलींना तिचं नाव माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

मी नवा फॉल लावला, गडद जांभळा लांब बाह्यांचा ब्लाउज शिवला (जानेवारीतली आपली थंडी!) आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसून गेले. बरोबरीच्या शिक्षिका पदर हातात घेऊन बघत होत्या. एकीने तिथेच ठरवलं, सासूबाईंची पेटीतली साडी बाहेर काढायची.

जुनं टसर घडीवर विरतं, म्हणून अधूनमधून घडी बदला. नवी घेताना काठ उलटून पाहा; छापील काठ मागून फिका दिसतो.

– एक शिक्षिका, महाल, नागपूर