तालमीला जागा द्या: सांगलीहून सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शंभर माणसांच्या आतल्या तालीमखोल्यांना शासनाने मान्यता व जागा देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं कुणी ‘तालमीला चाललोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुस्तीच्या का नाटकाच्या? एका तालमीत तांबडी माती असते, दुसरीत जाजम. कुस्तीच्या तालमीला गावानं जागा दिली. कुठं वाड्याचा कोपरा मिळाला, कुठं देवळामागचा मोकळा तुकडा. पहाटे पोरगं तिथं जोर मारत असतं तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तुझी कुस्ती कधी आहे आणि तिकीट किती. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले, त्यामागं अशा किती पहाटा असतील. नाटकाच्या, गाण्याच्या, ढोलकीच्या तालमीला मात्र शहरात हक्काची जागा नाही आणि सरकारी कागदांत तिला नावही नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. संध्याकाळी साडेसहाला गणपती पेठेच्या मागच्या बोळातल्या एका जुन्या गोदामाचं कुलूप काढते. पूर्वी तिथं हळदीची पोती असायची. फरशीच्या सांध्यांतला पिवळा रंग कितीही घासला तरी गेलेला नाही, आणि पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की अजून वास येतो. ही जागा आम्ही चौदा जण मिळून चालवतो. कुणी अध्यक्ष नाही. महिन्याला प्रत्येकी ७०० रुपये वर्गणी, त्यातून ९,००० रुपये भाडं. उरलेल्या पैशांत लाईटबिल भागत नाही, कारण ते व्यापारी दरानं येतं; तूट दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यातून निघते. कार्यक्रमाला तिकीट नसतं. ज्याला जमेल ते त्यानं डब्यात टाकायचं. झाडायची पाळी कुणाची ते फळ्यावर लिहिलेलं असतं. हिशोबाची वही माझ्याकडं आहे आणि ती कुणीही, कधीही उघडून बघू शकतं. आम्ही सगळे तिला नुसतं ‘खोली’ म्हणतो.

खोलीत कोण येतं ते सांगते. सोमवार ते गुरुवार नाटकांच्या तालमी. आपल्या खात्याच्या हौशी नाट्य स्पर्धेनं साठ पर्वं पार केली आणि सांगली तिचं जुनं केंद्र आहे. प्रयोगाच्या रात्रीसाठी शासन नाट्यगृह देतं, परीक्षक पाठवतं, बक्षिसं देतं. त्या एका रात्रीआधीच्या चाळीस संध्याकाळी ही माणसं कुठं उभी राहतात, याची नोंद कुठंच होत नाही. मी स्वतः शाळेच्या व्हरांड्यात, कार्यालयाच्या गच्चीवर, एकदा तर बंद पिठाच्या गिरणीत तालमी केल्या आहेत. गच्चीवर मुली किती वाजेपर्यंत थांबणार? गेल्या वर्षी आमच्याकडं एका नाटकात पाच मुली होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या आया पहिले आठ दिवस खोलीत येऊन बसल्या. नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत, त्यांनी थालीपिठं पाठवली. घरच्यांचा विश्वास बसायला चार भिंती, एक दिवा आणि ओळखीचं दार लागतं.

शुक्रवारी जतकडचा एक मुलगा ढोलकी घेऊन येतो. एमआयडीसीत पाळीवर काम करतो, भाड्याच्या खोलीत पाच जणांत राहतो. तिथं ढोलकीवर थाप मारली की घरमालक वर येतो. आमच्याकडं त्याची गाठ कॉलेजच्या तीन पोरांशी पडली, त्यांचा गिटार-ड्रमचा बँड आहे. आता चौघं मिळून वाजवतात. बिरोबाच्या जत्रेत ऐकलेल्या धनगरांच्या गजीनृत्याच्या ढोलाचं वजन त्या पोरांनी ड्रमवर कसं उतरवलं ते ऐकायला आपण एकदा यावं. हे कुणी ठरवून घडवलं नाही. दोन वेगळ्या वेळा एकाच शुक्रवारी चुकून लागल्या, कुणी उठून गेलं नाही, एवढंच झालं.

आणि रविवारी सकाळी, रस्ता जागा व्हायच्या आत, मिरजेचे एक कारागीर येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याला ठाऊक आहेच. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतला तो घुमणारा नाद, काढताना काय लागतं? तारा टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत घासायचं. हे काम हातापेक्षा कानाचं जास्त. त्यांच्या दुकानाबाहेर रिक्षा आणि हॉर्न थांबत नाहीत. म्हणून तयार होत आलेला तंबोरा चादरीत गुंडाळून ते आमच्याकडं आणतात आणि तासभर छेडत बसतात. आमच्यातली एक शिकाऊ गायिका मुद्दाम त्या वेळी झाडायची पाळी घेते. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात दर वर्षी उरुसाला गाणं होतं, त्या मिरजेच्या कारागिराला शांत खोली शोधत सांगलीला यावं लागतं.

ही खोली आम्ही हातानं बांधली आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केलं, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्यानं आतला घुमारा थोडा कमी झाला, पण शेजारच्या आजी दुसऱ्याच दिवशी दारात, ‘काय चाललंय वो आत, भिंत थरथरायलीय.’ मग कळलं की बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि एक बोटभर फट राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. जुन्या दाराला मागून दुसरी फळी ठोकली, मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरली, कडांना ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. ढोल आणि ड्रमचा धक्का जमिनीतून जातो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा लाकडी पाट केला आणि त्याच्याखाली जुने टेनिसचे चेंडू बसवले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही कायद्याची मर्यादा आहे. आम्ही आजींच्या ओट्यावर बसून ती मोजतो. साडेनऊला वाद्यं बंद, हा आमचा नियम कायद्यापेक्षा अर्ध्या तासानं कडक आहे. आजी आता प्रत्येक कार्यक्रमाला येतात, त्यांची खुर्ची ठरलेली आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. खोलीत खांद्याइतकं पाणी आठवडाभर राहिलं. ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा पेटी गाळात उपडी पडलेली होती. भात्याचा गोंद विरघळून पुठ्ठे सुटले होते, सुरांच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, ढोलकीच्या पुड्यांना बुरशी आली होती. स्पीकर तर ओळखू येत नव्हते. गाळ काढायला आम्ही चौदा जण होतो, संध्याकाळपर्यंत साठेक माणसं झाली. ज्यांची स्वतःची घरं चिखलात होती त्यांतली काही माणसं दुपारी इकडं फावडं घेऊन आली. मिरजेच्या एका कारागिरानं पेटीचे सूर एकेक काढून घासले आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून भिंतीवर लिहिलेलं आहे: आयर्विनला ३५ फूट झालं की वाद्यं पोटमाळ्यावर. ४० फुटांची इशारा पातळी येईपर्यंत थांबायचं नाही. जुलै २०२१ ला परत पूर आला तेव्हा फक्त जाजम गेलं.

५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. सांगलीत त्या दिवशी विष्णुदास भावे यांच्या नावाचं पदक दिलं जातं आणि ‘नाट्यपंढरी’ हा शब्द प्रत्येक भाषणात येतो. त्या शब्दाचा मला अभिमान आहे. पण १८४३ साली भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे पहिलं मराठी नाटक उभं राहिलं त्यात त्यांच्या प्रतिभेइतकाच वाटा सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी दिलेल्या आसऱ्याचा होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ त्यांनी पाहिला आणि पदरच्या एका तरुणाला सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत कर. १८५१ ला चिंतामणराव गेले, सांगलीतला आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. संस्थानाच्या जागी आता शासन आहे. विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. पण मोठं नाट्यगृह हे मैदान झालं. माझं मागणं तालमीचं आहे.

परवानगीसाठी आम्ही प्रामाणिकपणे फिरलो. एका कार्यालयात सांगितलं, करमणुकीच्या जागेचा परवाना काढा. त्याच्या अटी मोठ्या सभागृहाच्या, वाहनतळासकट. आमच्या बोळात चारचाकी शिरतच नाही. दुसरीकडं विचारलं, शिकवणी आहे का? नाही म्हटल्यावर अर्ज परत. तिसरीकडं सांगितलं, आधी संस्था नोंदवा. १८६०च्या कायद्याला सात माणसं लागतात, आमच्याकडं दुप्पट आहेत, नोंदणीला आमची हरकत कधीच नव्हती. पण नोंदणी झाल्यावर खोली कोणत्या रकान्यात बसणार, याचं उत्तर तिथंही नव्हतं. एका शनिवारी परवाना दाखवा म्हणून चालू कार्यक्रम थांबवला गेला. कोणता परवाना, ते आलेल्यांनाही सांगता आलं नाही. आजींसह सगळ्यांनी जाजम गुंडाळायला मदत केली आणि घरी गेले. ढोलकीवाला मुलगा त्यानंतर तीन शुक्रवार आला नाही. त्याला वाटलं, त्याच्यामुळं झालं.

आम्हाला नियमांतून सूट नको आहे, हे मी जोर देऊन सांगते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची वास्तू. आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं होतं. त्या रात्री कुणी झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीच्या भिंतींवरचा सगळा फोम उतरवला, कारण तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर आगीच्या आधी माणूस मारतो. त्या जागी कारखान्यांत बॉयलरला गुंडाळतात ती रॉकवूल जाड कापडात शिवून लावली. ढोलकीवाल्या मुलानंच ती कुपवाडहून आणली. वायरिंग बदललं, मागचं बुजवलेलं दार फोडून उघडलं, दोन अग्निशामक टांगले. साठ माणसांची मर्यादा तेव्हाची. हे करा असं आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं, कारण आमच्यासारख्या जागेसाठी नियमच लिहिलेला नाही. तो लिहा, अशी विनंती आहे. दोन दारं, माणसांची मर्यादा, वायरिंगची वार्षिक तपासणी, आवाजाची वेळ. दोन पानांत मावेल, आणि पहिला मसुदा करायला आम्ही बसू.

याला आधार महाराष्ट्रातच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावातल्या दोन कपाटांच्या वाचनालयालाही ओळख दिली. ‘ड’ वर्ग म्हणून का होईना, त्याचं नाव सरकारी यादीत आलं, वर्षाला थोडंफार अनुदान आलं, आणि त्या जोरावर कितीतरी खेड्यांतल्या मुलांच्या हातात पुस्तक पडलं. माझ्याही पडलं. तसाच ‘तालीमखोली’ हा एक वर्ग करा. शंभर माणसांच्या आतली, नफ्यासाठी नसलेली, हिशोब उघडा ठेवणारी जागा. तिला एका खिडकीवर वर्षाचा परवाना मिळावा, आणि घरपट्टी व वीज दुकानाच्या दरानं लागू नये. आणि नगरविकास व शालेय शिक्षण खात्यांशी बोलून एवढं करा की पट घटल्यानं रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या, वर्षानुवर्षं न गेलेले गाळे, कुलूपबंद समाजमंदिरं संध्याकाळी सहा ते साडेनऊ नाममात्र भाड्यानं अशा गटांना वापरू द्यावीत. रोख अनुदान आम्ही मागत नाही. वर्गणी आम्ही काढतो, रंग आम्ही देतो, झाडू आम्ही मारतो.

घाई आहे, कारण मालकांनी गोदाम विकायला काढलं आहे. ते चांगले गृहस्थ आहेत, सहा वर्षं त्यांनी भाडं वाढवलं नाही, आणि पाडव्यापर्यंतची मुदतही त्यांनी आपणहून दिली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पाडव्यानंतर त्या पाच मुली, तो ढोलकीवाला आणि रविवारचा तंबोरा कुठं जाणार, याचं उत्तर चौदा जणांत कुणाकडंच नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सात वाजता आमचा कार्यक्रम असतो. पुढच्या वेळी सांगली दौऱ्यावर आलात तर या. गाडी पेठेत सोडून बोळातून थोडं चालावं लागेल. दार जड आहे, त्यात वाळू आहे, खांदा लावून ढकला. आजींच्या शेजारची खुर्ची आम्ही आपल्यासाठी राखून ठेवतो.

कळावे,
आपली नम्र,
खोलीच्या चौदा जणांपैकी एक
सांगली