संक्रांत झाली की निघायचं

पुणे
२३ नोव्हेंबर

ती. आप्पा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आप्पा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे जातो. आई म्हणते, "मले काय विचारते, त्यांलेच विचार." म्हणून लिहूनच पाठवतेय. अंदमानची तिकिटं काढली आहेत. संक्रांत झाली की निघायचं. तुम्ही दोघं, मी आणि समीर. आर्वी तिच्या इकडच्या आजीकडे राहील, तिची शाळा बुडवायची नाही.

रागावायचं असेल तर पूर्ण वाचून झाल्यावर रागवा.

जानेवारी मी डोळे झाकून धरलेला नाही. आपल्या केळीचा मृगबाग, जूनच्या लागणीचा, तेव्हा नुकताच निसवायला म्हणजे घड टाकायला लागलेला असेल, कटाईला अजून चार-पाच महिने. पावसाळ्यानंतर लावलेला कांदेबाग तर लहानच. म्हणजे व्यापाऱ्याची गाडी दारात यायची नाही आणि भाव पडला-चढला म्हणून तुम्हाला बांधावर उभं राहावं लागणार नाही. थंडीत पानांवर करपा येतो, ठाऊक आहे मला. तुम्ही हेच म्हणणार म्हणून निलेशशी आधीच बोलून घेतलंय. निघायच्या आधी एक फवारणी तुमच्या डोळ्यांसमोर होईल, ठिबकमधून कोणतं खत कधी सोडायचं ते तुम्ही वहीत लिहून द्यायचं. रात्रीच्या लाईटीचा आठवडा असला तरी तोच जाईल मोटर पाहायला. तुम्ही भुसावळला दवाखान्यात होतात तेव्हा बाग त्यानेच सांभाळली, आणि "एक घड वाया जाऊ दिला नाही पोराने" हे तुम्हीच अख्ख्या गावाला सांगत होतात. आता त्याच पोरावर आठवडाभर भरवसा ठेवायला काय हरकत आहे?

हे जाणं किती वेळा पुढे ढकललं ते मोजत बसत नाही. आबांच्या वेळेस ठरलं होतं, ते राहिलं. मग ताईचं लग्न. मग वादळात बाग आडवा झाला. मग भुसावळ. दरवेळी कारण खरंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण यंदा कारण नाही, आणि ते येण्याआधी मला तुम्हाला विमानात बसवायचं आहे. डॉक्टरांना सगळे रिपोर्ट दाखवून विचारलं. विमानाला हरकत नाही, चालायलाही नाही, फक्त दमेपर्यंत चालायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही, असं म्हणाले.

आता यात्रा कंपनीचं. गल्लीतले सगळे कंपनीबरोबर गेले, जेवायला आपलं वरण-भात मिळालं, सोबत झाली, स्वस्तात झालं, हे आई मला बरेचदा ऐकवून झाली आहे. खरं आहे. पण त्यांच्यात सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, साताला बस, आणि ज्याला वेळ लागतो त्याच्याकडे चाळीस माणसं बघत बसतात. आप्पा चाळीस माणसांना थांबवणार नाहीत. छातीत भरून आलं तरी पुढे चालत राहतील. मला माझे आप्पा माहीत आहेत. म्हणून आपण आपलेच जायचं, गाडी आपली, वेळ आपली. पैशाचं विचारू नका. मी आणि ताईने मिळून केलंय, आणि आता रद्द केलं तर निम्मे पैसे बुडतात, एवढं मात्र विचारात घ्या.

प्रवास एका दमात नाही. भुसावळहून संध्याकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला यायचं, दोघांनाही खालचाच बर्थ आहे. आमच्याकडे दोन रात्री आराम. मग विमानाने चेन्नई, आणि तिथून समुद्रावरून दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून गावाचं नाव श्रीविजयपुरम झालंय. हॅवलॉकला स्वराज द्वीप म्हणायचं आणि नीलला शहीद द्वीप. कागदांवर कुठे जुनं नाव दिसेल, कुठे नवं. आई, वेगळ्याच गावाचं तिकीट काढलं म्हणून घाबरून जाऊ नकोस.

पोचल्या दिवशी काहीच बघायचं नाही, फक्त झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल. तुम्ही मला उन्हाळ्यात गच्चीवर सांगायचात, दोघे सावरकर भाऊ एकाच तुरुंगात आणि कितीतरी दिवस एकमेकांना पत्ता नाही, आणि कोलूला बैलाच्या जागी माणूस. मी तेव्हा कोलू म्हणजे आपल्या गावातलं तेलाचं घाणं समजायचे आणि मला कळायचं नाही की तेली-काकांकडे एवढं वाईट काय आहे. तो तुरुंग बांधायला १८९६ ते १९०६ एवढी वर्षं लागली. मधल्या मनोऱ्यातून सात इमारती फुटायच्या, आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. जिना चढावा लागतो. ती बघितल्याशिवाय तुम्ही खाली उतरणार नाही, म्हणून मी त्या सकाळी दुसरं काही ठेवलंच नाही. प्रत्येक मजल्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मग पुढे. संध्याकाळी तिथेच ध्वनी-प्रकाशाचा खेळ असतो, तो खुर्चीवर बसून बघायचा.

आणि सरकारी मोठा दवाखाना त्या तुरुंगाला अगदी लागून आहे. लागणार नाही, पण आईला रात्री झोप यावी म्हणून सांगितलं.

मग बोटीने स्वराज द्वीप. आई, तुला यावलच्या एसटीत काय होतं ते मला आठवतं, पण ही बोट मोठी असते, आत एसी, आपापल्या खुर्चीवर बसायचं, दीड-दोन तासांत पोचतो. निघायच्या अर्धा तास आधी गोळी, खिशात आलेपाक, आणि खिडकीचा हट्ट करायचा नाही. मधल्या रांगेत कमी हलतं. तिथे राधानगर नावाचा किनारा आहे, पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं रान, आणि पाणी लांबपर्यंत गुडघाभर. तुला पोहायचं नाहीये. साडी वर खोचून उभं राहायचं, एवढंच. तापीत ज्येष्ठातसुद्धा काठावरच थांबणारी तू, इथे मी हात धरीन.

शहीद द्वीपावर मी मुद्दाम एक रात्र जास्त ठेवली, ती आप्पांसाठी. लोक तिथे समुद्र बघायला जातात, पण ते भाजीपाल्याचं बेट आहे. पोर्ट ब्लेअरला भाजी तिथून जाते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या माणसांना सरकारने अंदमानात वसवलं, त्यांची ही शेती. सपाट गाव, छोटे रस्ते, दोन्हीकडे नारळ, सुपारी आणि केळी. तुम्ही कोणाच्या तरी बांधावर उभे राहून "लागण कधीची?" विचारणार, हे मी धरूनच चाललेय. तो माणूस बंगाली बोलेल पण हिंदी सगळ्यांना येतं. तुमची हिंदी त्याला कळली म्हणजे झालं.

परत आल्यावर चॅथमची आरा मशीन. १८८३ पासूनचा सरकारी लाकूड कारखाना आहे, पूल ओलांडून जायचं. पडाऊकचं लाल लाकूड बघाल तर आपल्या माजघरातल्या सागाच्या खांबांचं कौतुक जरा कमी कराल. रॉस बेटावर, म्हणजे आता नेताजींच्या नावाच्या बेटावर, इंग्रजांच्या पडक्या इमारतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी धरून ठेवलंय आणि मधून हरणं फिरतात. चढ आहे, पण बॅटरीची गाडी मिळते. त्या गाडीत बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं.

आप्पा, बारातांग मी काढून टाकलं. तुम्ही ते नकाशात दाखवलं होतं, म्हणून मन लावून चौकशी केली. रात्री तीनला उठायचं, जंगलाच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा सुटेपर्यंत थांबायचं, मग लांबचा रस्ता, मग होडी, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायी. तुमच्या गुडघ्याने ते केलंही असतं, पण दोन दिवस वाया गेले असते. दुसरं असं की तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव रानातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला बंदी आहे, आणि तरी लोक काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करतात. मला ते बरं वाटत नाही. आपल्या सातपुड्यातल्या पावरा पाड्यांवर शहरातली मंडळी कॅमेरे घेऊन आली की तुम्हीच चिडता ना?

आई, आता तुझं. खोली तळमजल्यावर आहे, सगळीकडे. कमोड आहे, गरम पाणी आहे. तुला पहाटे जाग येते, ते तिथे उलट सोयीचं, कारण सूर्य पावणेसहालाच वर येतो. आपल्याकडे त्या दिवसांत सात वाजून जातात. संध्याकाळी सव्वापाचला मावळतो, म्हणजे सातला जेवून मोकळं. खोलीत चहाची किटली आहे. जेवणात मासे जिकडेतिकडे असतात, पण इडली-डोसा, भात-सांबार, पोळी-भाजी मिळते, आणि जिथे राहतोय तिथे वेगळ्या भांड्यात करायला सांगितलंय. हॉटेलवाल्याने दोनदा "हो" म्हटलंय. एकादशी आली तर शहाळं आणि केळी आहेतच. शेव, दशम्या, कोरडी तिळाची चटणी आण. लोणचं आणायचंच असेल तर मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून पिशवी. अख्खं सुकं खोबरं आणू नकोस, विमानवाले अडवतात. भरताची वांगी आणायची नाहीत. हसू नको, तू आणशील.

स्वेटर भुसावळ ते पुणे एवढाच. पुढे उकाडा आहे, सुती साड्या घे.

पाचवीत शाळेची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा आप्पांनी एस.टी. सुटता सुटता खिडकीतून वीसची लाल नोट दिली होती आणि "मोज्यात ठेव, खिशात नको" म्हणाले होते. मी ती मोडलीच नाही. दिवसभर टाचेखाली टोचत होती आणि मला फार श्रीमंत वाटत होतं. परवा कळलं की त्या लाल नोटेच्या मागचं नारळाच्या झाडांचं चित्र पोर्ट ब्लेअरचं आहे, पलीकडच्या डोंगराचं आणि दीपगृहाचं. नवीन नोटेवर वेरूळ आहे. लोखंडी पेटीत एखादी जुनी पडली असेल तर घेऊन या, जागेवर जाऊन ताडून बघू.

एक गोष्ट जरा जपून सांगतेय. विमानतळावर आप्पांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे. तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही. चेन्नईला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत फार लांब जावं लागतं, शिवाय खुर्ची असली की रांग लागत नाही आणि तुमच्याबरोबर आम्हीही पुढे जातो. गावातलं कोणी तिथे नसेल. आणि असलंच तर तेही खुर्चीतच असेल.

गोळ्यांच्या पट्ट्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, पंधरा दिवस पुरतील एवढ्या. अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवायचा नाही, काढून घेतील, आणि तो आबांचा आहे. खरं तर सुपारीच बंद करा, पण ते भांडण समोरासमोर करू. काडेपेटी अजिबात नाही. मूळ आधारकार्डं लागतील, बोटीवरही बघतात. दोघांची जन्मतारीख १ जूनच आहे, तिथे कोणी हसलं तर हसू द्या. किनाऱ्यावरचा शंख, प्रवाळ काहीही उचलायचं नाही, देवघरासाठीसुद्धा नाही. पकडतात.

आप्पा, रोज फाटकापर्यंत आणि परत, हे आतापासून सुरू करा. शेतात फिरतो ते चालणं नव्हे, तिथे तुम्ही दर दहा पावलांवर थांबता. चपला घालून समुद्रावर यायचं नाही. बूट मी इथून घेतेय, मऊ तळव्याचे. आईचा नंबर मला माहीत आहे. तुम्ही जुन्या बुटाच्या तळाला काय आकडा आहे तो बघून निलेशला सांगा, तो मला पाठवेल. रविवारपर्यंत हवा.

तुमची,
मनू

ता. क. काळ्या गायीचं जानेवारीतच व्हायचं आहे, हे लिहायचं राहिलं. ताई तेवढे दिवस घरी येऊन राहणार आहे. तिला मी विचारलं नाही, सांगितलं.