खोडदच्या तबकड्यांखाली आमच्या मुलांना एक सत्र काम करू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मी सांगलीत पदविकेच्या मुलांना स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. मागणी एकच आहे. सांगली-साताऱ्यातील पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातले एक सत्र जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर काम करता यावे आणि त्यासाठी शासनाने विद्यावेतन द्यावे.

तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा जोर पेलायला सांगाडा, पाया, मोटारी सगळेच अवजड झाले असते आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. ही दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांवर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. जाळीची घरे मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. ज्या रेडिओ लहरी टिपायच्या त्या या घरांपेक्षा कितीतरी लांब, म्हणून त्या जाळीवरून आरशासारख्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा भार म्हणजे काय, हे चाळकेवाडी, वनकुसवडे किंवा ढालगावच्या पवनचक्क्या पाहत वाढलेल्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही. पण त्या भारातून वाट काढणारी रचना त्याने हाताने चाचपलेली नसते.

त्याआधीची उटीची दुर्बीण तर मला आणखी आवडते. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि बांधली डोंगराच्या उतारावर. तो उतार मुद्दाम निवडला, कारण त्याचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा तासन्‌तास माग काढता येऊ लागला. १९७० मध्ये ती सुरू झाली. जागेची निवड हाच आराखड्याचा अर्धा भाग असतो, हे वर्गात मी वर्षानुवर्षे सांगतो; यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आता दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेना असलेला एसकेए (स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे) हा आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्प उभा राहत आहे. केंद्राने त्यातील सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्याच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा मोठा वाटा आहे. हे काम इतके जवळ चालू असताना आमची मुले त्यापासून लांब का राहावीत?

‘खगोलशास्त्राने पोट भरते का?’ असे पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण तिथे तबकडी नेमकी वळवणारी सर्वो मोटार आहे, बेअरिंग आहे, ऑप्टिकल फायबर आहे, अतिशय क्षीण संकेत वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर आहेत, गंजाशी रोजची झुंज आहे. हे शिकलेला मुलगा कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुणालाही हवा असेल.

विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते. ते फार चांगले असते, पण एका दिवसात मुलगा तबकडीखाली उभा राहून फोटो काढतो आणि परत येतो. नट-बोल्ट उघडून पाहायला महिने लागतात. म्हणून आपल्या विभागाने पुण्याच्या केंद्राशी करार करावा. सुरुवातीला दोन्ही जिल्ह्यांतील २० विद्यार्थी पुरेत. निवड केवळ गुणांवर करू नये, कार्यशाळेतले हातही पाहावेत. आणि मुलींच्या राहण्याची सोय आधी लावावी, नाहीतर घरचे पाठवणार नाहीत.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक शिक्षक, सांगली