बाबा, तो कागद मी वाचला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमलं नसतं. बाबा, तुम्ही "सगळं ठीक आहे गं, तू तुझं काम बघ" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता. आणि आई, तू जेवलीस का एवढंच विचारत राहिली असतीस. म्हणून लिहायला बसले.

परवा रात्री साडेआठला आधी शेजारच्या काकूंना फोन गेला, मग मला आला. "मास्तरांना सांगा, पैसे घेऊन तोंड लपवू नका." आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही मोबाइलवरून चाळीस हजारांचं कर्ज काढलंत आणि दोन हप्ते थकलेत, हे मला अशा परक्या माणसाकडून कळलं. बाबा, कर्ज काढलंत याचा मला राग नाही. बहिणीसाठी एका दिवसात पैसे उभे केलेत, याचा अभिमानच आहे. पण इतके दिवस तुम्ही दोघं रात्र रात्र जागे राहिलात आणि मला कळू दिलं नाहीत, ते फार लागलं.

आधी त्या फोनबद्दल, कारण आईची झोप त्यानेच उडाली आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत मानहानी, नातेवाइकांना किंवा ओळखीपाळखीच्यांना मध्ये ओढणं, यातलं काहीच चालत नाही. आणि काकूंचा नंबर त्यांच्याकडे गेला कसा? कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली नावं-नंबर, फोटो, कॉलची यादी उघडायचीच नाही, असा २०२२ पासून नियम आहे. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा किंवा ठिकाण एकदा वापरता येतं, तेही तुम्ही हो म्हटल्यावर. "तो माणूस आमचा नाही, एजन्सीचा आहे" हे कंपनीचं उत्तरही टिकत नाही. एजन्सीच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरच असते. दोन हप्ते थकले ही आपली बाजू लंगडी आहे, ते पैसे आपण द्यायचेच आहेत. पण हप्ता थकला म्हणून तुमची अब्रू त्यांच्याकडे गहाण पडलेली नाही.

आता कागदाचं. आई, काल तू बाबांच्या फोनमधली ती पीडीएफ मला पाठवलीस. मी ती रात्री दोनदा वाचली आणि तुमच्या वहीसारखा हिशेब मांडला.

कर्ज ४०,००० रुपये, मुदत १२ महिने, व्याज "१८ टक्के फ्लॅट". म्हणजे वर्षाचं व्याज ७,२०० आणि हप्ता ३,९३३. तुम्हाला वाटलं असेल की अठरा टक्के जास्त आहेत, पण निभावतील. बाबा, फ्लॅट म्हणजे दर महिन्याला मुद्दल फिटत जातं तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चाळीस हजारांवर चढतं. शिल्लक मुद्दलावर व्याज धरलं तर हाच दर जवळजवळ ३२ टक्के होतो. त्यात २,००० रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापली, म्हणजे तुम्ही हप्ते चाळीस हजारांचे भरताय आणि वापरायला मिळाले अडतीस. तसं धरलं की दर जातो ४२ वर. हा ४२ चा आकडा त्या पीडीएफच्या पहिल्या पानावर छापलेला आहे, एपीआर या नावाने. व्याज आणि सगळे खर्च मिळून वर्षाला पडणारा खरा दर म्हणजे एपीआर.

तो आकडा कंपनीने आपणहून छापलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात खरा वार्षिक दर, प्रत्येक खर्च, हप्त्यांचं वेळापत्रक आणि तक्रार कोणाकडे करायची हे सगळं यावं लागतं, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. चाळीस वर्षं मराठीत शिकवलेल्या माणसाला त्यांनी तो इंग्रजीत पाठवला, दवाखान्याच्या बाकावर बसलेला असताना. तुम्ही न वाचता बोट टेकवलंत याचा दोष मी तुम्हाला देणार नाही.

आणि त्यांनी एक मोठी चूक केली आहे. तुमच्या खात्यात अडतीस हजार आलेच नाहीत, ३६,५०० आले. मधले १,५०० कुठल्याशा विम्याचे कापले आणि या कागदात विम्याची एक ओळही नाही. ते धरले तर दर ५० च्या वर जातो. कागदात न दाखवलेला कोणताही खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हे पंधराशे आपण परत मागायचे. थकलेल्या हप्त्यांवरचा दंडही मी बघणार आहे. नव्या नियमाने दंड वेगळं शुल्क म्हणून लावता येतो, तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

(फ्रिजच्या "नो कॉस्ट" हप्त्यांबद्दलही लिहितेच. रोखीने २७,५०० आणि हप्त्याने तीन-तीन हजारांचे दहा, असं दुकानदार म्हणाला होता ना? रोखीची सूट गेली तेच व्याज. वर्षाला साधारण १९ टक्के पडतं ते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं आहे. फ्रिज चांगला आहे, राहू दे.)

बाबा, काल हिशेब करताना मला तुमचा इतिहासाचा तास आठवत होता. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांकडे कर्जखतं मागितली आणि ती जाळली. तुम्ही पोरांना विचारायचात, कागदच का जाळले? मग तुम्हीच सांगायचात, की अंगठा दिलेल्या खतावर काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं आणि कोर्ट मात्र त्या खताला प्रमाण मानायचं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतात काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता मुळात किती दिले, किती फिटले हे न्यायाधीशाने तपासायचं, असं त्याने ठरवलं. सावकाराने पावती द्यायची, मागितला तर हिशेब द्यायचा, हेही त्यात आलं. मी बँकेत कर्ज विभागात काम करते, रोज हे कागद हाताळते, तरी या कागदाचं नातं सुप्याशी आहे हे मला काल उमगलं. देणाऱ्याने आकडे उजेडात आणायचे, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

पण तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. ४२ टक्के म्हणजे बेकायदाच असणार, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. दामदुपटीचा नियम तुम्हीच मला शिकवलात, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात तो परवानाधारक सावकाराला लागू आहे. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, आणि रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांच्या व्याजाला अशी सरसकट कमाल मर्यादा घातलेली नाही. दर काय आहे ते दाखवा, एवढंच बंधन मुख्यतः आहे. माझ्या मते हे अपुरं आहे. ज्याच्या बहिणीला ऑपरेशन टेबलवर घेतलंय, त्याला दर दाखवून काय उपयोग? तो घेणारच. डिजिटल कर्जात मन बदललं तर निदान पहिला एक दिवस तरी मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही सोय चांगली आहे, पण तेव्हा तुम्ही आयसीयूच्या बाहेर होतात.

म्हणून आता असं करू. थकलेले दोन हप्ते मी आजच भरले आहेत. बाबा, यावर वाद नको. आत्या माझीही आहे. कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे, ते मी तपासलं. विम्याचे पैसे आणि तो फोन, या दोन्हींबद्दल त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला द्यायचा अर्ज सोबत ठेवला आहे. मराठीतच लिहिला आहे. तुम्ही वाचा, पटलं नाही तिथे लाल पेनाने दुरुस्त करा आणि मगच सही करा. पोस्टाने रजिस्टर करून पाठवा, पावती जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर आपण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मध्येच काही विचारावंसं वाटलं तर १४४४८ हा त्यांचा नंबर आहे.

आई, काकूंकडे जाऊन ये. टाळू नकोस त्यांना. त्यांनी मला फोन करून तुझीच काळजी केली, बाकी एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि बाबा, पुन्हा तो फोन आला तर घाबरून बंद करू नका. तुमच्या हिशेबाच्या वहीचं एक कोरं पान काढा. तारीख, वेळ, नंबर आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं, तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहून ठेवा. शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय, रविवारी सकाळी ते पान घेऊन बसू.

तुमची,
ताई