थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला जाण्यापूर्वी

रत्नागिरी,
१० नोव्हेंबर

चि. मृण्मयीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्राध्यापिकांनी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, म्हणजे अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या आभाराच्या सणाला, तुला घरी जेवायला बोलावल्याचे कळले आणि फार बरे वाटले. ज्यांच्या घरी सणाला जायचे त्यांच्या सणाची गोष्ट आपल्याला नीट ठाऊक असावी, असे मला वाटते. तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे ती अर्धवट सांगणे मला जमत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बोस्टनच्या दक्षिणेला, तासाभराच्या वाटेवर प्लिमथ आहे. १६२० च्या डिसेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्रजांनी तिथे वस्ती केली. जहाजात १०२ प्रवासी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. उरलेल्यांना जगवले ते तिथल्या वाम्पानोअग लोकांनी, विशेषतः टिस्क्वांटम याने. या माणसाला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचे पटक्सेट हे गाव साथीच्या रोगाने पूर्ण उजाड झाले होते, आणि त्याच ओस जागेवर पुढच्या वर्षी इंग्रजांनी प्लिमथ वसवले. परदेशात शिकलेल्या इंग्रजी भाषेत त्याने या परक्यांना मका कसा पेरायचा, आपण माडाला घालतो तसे मासळीचे खत मक्याला कसे घालायचे, हे शिकवले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच माणूस.

१६२१ च्या शरदात पीक हाती आल्यावर जे जेवण झाले, त्याचे वर्णन वस्तीतल्याच एडवर्ड विन्स्लो याने डिसेंबरात लिहिलेल्या पत्रातल्या मोजक्या वाक्यांत सापडते: वाम्पानोअगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसे घेऊन आला, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस सर्वांची पंगत चालली. त्या जेवणाला विन्स्लोने ‘थँक्सगिव्हिंग’ म्हटलेले नाही. ते आपल्या नवान्नासारखे, नव्या पिकाचे जेवण होते. हा सलोखा दोन पिढ्याही टिकला नाही. १६७५ मध्ये युद्ध पेटले, मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम पुढच्या वर्षी मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्येच कित्येक वर्षे खांबावर टांगून ठेवले गेले. म्हणूनच १९७० पासून प्लिमथच्या कोल्स हिलवर याच गुरुवारी मूलनिवासी लोक जमतात आणि हा दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळतात. जमल्यास एखाद्या वर्षी तिथेही जाऊन त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून ये.

वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये असा एक दिवस जाहीर केला होता, पण दरवर्षीची राष्ट्रीय प्रथा पडली ती सारा जोसेफा हेल या बाईंच्या चिकाटीमुळे. तू बालवाडीत म्हणायचीस ती मेरीच्या कोकराची कविता यांचीच. १८२२ मध्ये पती वारले तेव्हा पदरी पाच मुले होती. लेखणीवर त्यांनी घर चालवले आणि पुढे स्त्रियांच्या एका मोठ्या खपाच्या मासिकाच्या त्या संपादक झाल्या. साऱ्या देशाने एकाच दिवशी आभार मानावेत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहिली. २८ सप्टेंबर १८६३ चे पत्र लिंकन यांना होते, आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांची घोषणा निघाली. यादवी युद्ध ऐन भरात होते. जुलैतल्या गेटिसबर्गच्या लढाईच्या तीन दिवसांत सुमारे ५० हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते. त्या घोषणेत पिकापाण्याबद्दल आभार आहेतच, पण राष्ट्राच्या हातून घडलेल्या चुकांबद्दल नम्र पश्चात्तापही व्यक्त करावा आणि विधवांची, अनाथांची आठवण ठेवावी, असेही सांगितले आहे. टर्कीच्या गडबडीत हा भाग विसरला जातो, याचे मला वाईट वाटते. चौथ्या गुरुवारचा कायदा मात्र १९४१ चा.

जेवणाचे म्हणशील, तर भाजलेली टर्की, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, रताळी आणि भोपळ्याचे गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ हे पदार्थ बहुतेक घरी असतात. अनेक घरांत जेवण्यापूर्वी प्रत्येकजण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो. तुझी पाळी आली तर संकोच करू नकोस, मराठीत जसे मनात येईल तसे इंग्रजीत सांग. आपल्याकडे गुरुवारी सामिष होत नाही, पण तिथे काय खावे हे तू ठरव; माझ्याकडून कसलेही बंधन नाही. खायचे नसेल तर बाईंना आधीच कळव, आयत्या वेळी त्यांची धांदल नको.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नकोस, घारगे करून ने. भोपळाही मक्यासारखाच त्याच खंडातून आपल्याकडे आलेला आहे. एक मोठी वाटी कीस तुपावर परतून त्यात पाऊण वाटी गूळ घाल आणि मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच मावेल तेवढी कणीक, थोडे तांदळाचे पीठ आणि चिमूटभर मीठ घाल. जाडसर थापून मंद आचेवर तळ. पाणी अजिबात लागत नाही.

तुझी,
आई